चाक तापतंय? कॅलिपर बदलण्याआधी तो अडकलाय कुठे ते बघा

गाडी जड चालते, मायलेज पडलंय, सिग्नलला थांबलं की पुढच्या एका चाकाकडून जळका वास येतो. गॅरेजमध्ये दाखवलं तर उत्तर ठरलेलं: "कॅलिपर जाम आहे, बदलावा लागेल." कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबून ब्रेक लावणारा भाग. कधी गॅरेजचं म्हणणं बरोबरही असतं. पण ब्रेक चिकटायच्या जागा मुख्यतः तीन: कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना, पॅड दाबणारा पिस्टन आणि ऑइल आणणारा ब्रेकचा होस पाइप. यातल्या पिना सगळ्यात जास्त वेळा अडकतात आणि त्यांना बहुतेकदा सफाई आणि ग्रीस पुरतं. म्हणून आधी निदान, मग खरेदी.

मुंबईत हे दुखणं जास्त असण्याची कारणं उघड आहेत. वर्सोवा, वरळीकडची खारी हवा, अंधेरी सबवे किंवा हिंदमातासारख्या ठिकाणी साचणारं पाणी, आणि सोमवार ते शुक्रवार मालक लोकलने जात असल्यामुळे सोसायटीत उभी राहिलेली गाडी. हलणारा भाग हलला नाही की गंज धरतो.

रस्त्यावरची तपासणी

सकाळी रस्ता मोकळा असताना पाच-सात किलोमीटर चालवा, ब्रेक कमीत कमी वापरा. थांबून पुढच्या दोन्ही चाकांच्या रिमजवळ तळहात न्या. डिस्कला हात लावू नका, भाजेल. दोन्हीकडे सारखीच ऊब असेल तर ठीक. एकच चाक तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. दोन्ही पुढची चाकं जाम असतील तर शंका मास्टर सिलिंडरकडे (पेडलचा दाब ऑइलला देणारा भाग) किंवा पेडलच्या बाजूला जाते. तो प्रश्न या लेखाच्या बाहेरचा, गाडी गॅरेजला द्या.

गाडी कोणत्या बाजूला ओढते तेही बघा. ब्रेक न मारता डावीकडे जात असेल आणि डावं चाक गरम असेल, तर डावा ब्रेक घासतोय. ब्रेक मारल्यावरच डावीकडे जात असेल, तर उजवा कॅलिपर नीट काम करत नसण्याची शक्यता मोठी. इथे लोक हमखास चुकीच्या चाकाला हात घालतात. टायरची हवाही आधी तपासा. एका बाजूला हवा कमी असली तरी गाडी ओढते.

चाक उचलल्यावर

जागा सपाट हवी, पार्किंगचा उतार चालणार नाही. हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा (पुढची चाकं इंजिनवर असतील तर ती गिअरमध्ये फिरणार नाहीत). चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करा, मग जॅक लावा आणि गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) टेका. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात-डोकं घालू नका.

आता चाक हाताने फिरवा. हलकी घासल्याची सरसर चालते. जोर लावावा लागत असेल तर चाक काढा आणि कॅलिपरच्या मागचा ब्लीडर निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) पाव फेरा सैल करा. त्याला आधी नळी आणि बाटली जोडा. ब्रेक ऑइल जोरात बाहेर आलं आणि डिस्क मोकळी झाली, तर दाब आत कोंडलेला होता: होस पाइप आतून फुगलाय. बाहेरून तो नवा दिसतो, पण आतलं रबर सुटलं की ऑइल आत जातं आणि परत येत नाही. निपल सैल करूनही डिस्क घट्टच राहिली, तर दोष पिनांचा किंवा पिस्टनचा. निपल लगेच घट्ट करा. पुढे ब्रेक ऑइलमधली हवा काढावी लागेल हे धरून चाला.

मग पॅड बघा. बऱ्याचशा छोट्या गाड्यांत कॅलिपर तरंगता असतो: एकच पिस्टन, तोही आतल्या बाजूला. तो आतला पॅड दाबतो आणि त्याच धक्क्याने पूर्ण कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढतो. आतला पॅड संपत आलाय आणि बाहेरचा जाड आहे, तर पहिला संशय पिनांवर, दुसरा पिस्टनवर. पॅड तिरका झिजला असेल तर एकच पिन अडकलेली असू शकते.

पिना

खालचा बोल्ट काढा आणि कॅलिपर वर उचला. पूर्ण काढायचा असेल तर तारेने सस्पेन्शनला टांगा. होस पाइपवर लोंबकळू देऊ नका. पिन बोटांनी आत-बाहेर सहज सरकली पाहिजे. काढताना वरची कोणती, खालची कोणती हे लक्षात ठेवा, कारण काही गाड्यांत एका पिनेला टोकाशी रबर असतं आणि अदलाबदल केली की पुन्हा जाम. जुनं ग्रीस पुसा, भोकही ब्रेक क्लीनरने साफ करा. खड्डे पडलेली पिन आणि फाटलेला रबर बूट बदला. ग्रीस ब्रेकसाठीचंच सिलिकॉन घ्या. बेअरिंगचं साधं ग्रीस इथे लावलं तर रबर फुगतं आणि दुरुस्तीच बिघाड होते. थर पातळ द्या. भोकात ठासून भरलं तर हवा कोंडून पिन पूर्ण आत बसत नाही. पॅड ज्या खाचांत बसतात तिथला गंजही तारेच्या ब्रशने काढा. पॅडच्या आणि डिस्कच्या घासणाऱ्या पृष्ठभागाला ग्रीस लागता कामा नये.

पिस्टन

पिना मोकळ्या असतील तर जुना पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्पने पिस्टन हळूहळू मागे ढकला. त्याआधी ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून पातळी बघा, भरलेली असेल तर थोडं ऑइल काढा; ते रंगावर सांडलं तर रंग जातो. पिस्टन एकसारखा मागे गेला पाहिजे. त्याला मागे खेचणारी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीचं चौकोनी काटछेदाचं रबर दाबाखाली थोडं वाकतं आणि पेडल सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला आत ओढतं. हे रबर कडक झालं, किंवा बूट फाटून पाणी शिरलं आणि पिस्टन गंजला, की ब्रेक घासत राहतो. पिस्टन चांगला असेल तर सील किटवर (नव्या रबरांच्या संचावर) भागतं. खड्डे पडले असतील तर कॅलिपर बदला. पिस्टन हवेच्या दाबाने बाहेर काढायचा उद्योग घरी नको, तो बोटं चिरडू शकतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला भरपूर सुटे भाग मिळतात, पण जुन्या गाडीतला उतरवलेला कॅलिपर कितीही स्वस्त असला तरी मी घेणार नाही.

मागच्या चाकांना डिस्क असेल तर सी-क्लॅम्प थेट लावू नका. काही पिस्टन फिरवत आत घालायचे असतात आणि इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोड लागतो.

जोडणी आणि हवा काढणे

पॅड 3 मिलिमीटरच्या खाली असतील तर डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकत्र बदला. बोल्ट किती घट्ट करायचे तो आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. ऑइल डॉट 3 की डॉट 4, हे टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. सीलबंद बाटलीच घ्या, कारण ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषतं आणि आपल्याकडे त्याला वाण नाही.

ब्लीडर उघडला असेल किंवा पाइप बदलला असेल तर एकाने पेडल दाबून धरावं, दुसऱ्याने निपल उघडून बुडबुडे जाऊ द्यावेत, निपल बंद करावा आणि मगच पेडल सोडावं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, मध्येमध्ये टाकी भरत. चाक बसवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी पेडल पंप करा. पिस्टन मागे ढकललेला असताना पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं आणि ते गेटबाहेर कळून उपयोग नाही. पेडल कडक लागलं तर आवारातच अगदी हळू चालवून थांबून बघा. पेडल अजूनही मऊ लागत असेल तर हवा राहिली आहे; ती पूर्ण निघेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.