फिल्टर नळी बघून नको, प्रेशर बघून घ्या

“ताई, ८ एमएमचा पेट्रोल फिल्टर द्या की.” कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या स्पेअर पार्टसच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. मी आधी विचारते, गाडी कार्ब्युरेटरची का एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनची? कारण नळीची जाडी दोन्हीकडं तीच असू शकते, आतलं प्रेशर मात्र तसं नसतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिनवरचा पंप जेमतेम पाव बारनं (बार हे प्रेशरचं माप) पेट्रोल ढकलतो. इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला इलेक्ट्रिक पंप ३ ते ४ बार देतो. त्यामुळं आतला कागद दिसणारा तो पारदर्शक प्लॅस्टिकचा स्वस्त फिल्टर इंजेक्शनच्या गाडीसाठी कुणी कितीही मागितला तरी मी देत नाही. तो जोडावर फुटतो, नाहीतर नळी निसटते, आणि पेट्रोलचा फवारा गरम इंजिनवर उडतो. पन्नास-शंभर रुपये वाचवायला आग विकत घेऊ नका.

दुकानात येताना आरसीवरचा चेसिस नंबर आणि जुन्या फिल्टरवरच्या पार्ट नंबरचा फोटो आणा. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक फिल्टर बदलतो. काही गाड्यांत प्रेशर ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर फिल्टरच्या आतच असतो आणि त्याला दोनाऐवजी तीन नळ्या येतात. दिसायला सारखाच, पण ३ बारच्या जागी ४ बारचा बसवला तर इंजिनला पेट्रोल जास्त जातं. अलीकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत तर बाहेर फिल्टरच नसतो, तो टाकीत पंपाच्या मॉड्यूलमध्येच असतो. तसं असेल तर गाडीखाली शोधत बसू नका, आणि मध्येच नळी कापून जादाचा फिल्टर तर अजिबात घालू नका.

फिल्टर चोंदलाय हे सपाट रस्त्यावर कळत नाही. कावळा नाका ते शिरोली गाडी मजेत जाते. वाघबीळवरून पन्हाळ्याला चढताना, नाहीतर करूळ घाटातून चार माणसं घेऊन गगनबावड्याला येताना मात्र पिकअप पडतो. इंजिनला जास्त पेट्रोल लागतं तेव्हाच ते पुरत नाही. टाकीतला पंप नेहमीपेक्षा मोठ्यानं गुणगुणायला लागतो. तरीही फिल्टरलाच दोष देण्याआधी गेज लावून प्रेशर बघून घ्या, कारण पंप थकल्यावरही गाडी अशीच वागते.

आता बसवणं. इंजिन पूर्ण गार, गाडी मोकळ्या हवेत, जवळ पावडरचा अग्निशामक, आणि आसपास बिडी-सिगारेट नाही. इंजिन बंद असलं तरी लायनीत प्रेशर अडकलेलं असतं, ते आधी उतरवायचं. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, गाडी सुरू करा आणि ती आपोआप बंद पडू द्या. मग दोन-तीन सेकंद स्टार्टर मारा. टाकीचं झाकण उघडा, बॅटरीची मायनस काढा. तरीही जोड सोडताना त्याला जाड फडकं गुंडाळा आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. थोडं पेट्रोल येतंच.

नट असेल तर दोन पाने लावा. एकानं फिल्टरचा षटकोन धरायचा, दुसऱ्यानं नट फिरवायचा. एकाच पान्यानं जोर लावलात तर पत्र्याची नळी पिळली जाते आणि मग पन्नास रुपयांचं काम पाचशेवर जातं. बँजो बोल्ट (ज्याच्या पोकळीतून पेट्रोल जातं तो) असेल तर तांब्याचे वायसर नवेच घाला. जुने एकदा दबलेले असतात, पुन्हा नीट सील होत नाहीत. क्विक कनेक्टर, म्हणजे दाबून बसणारा जोड असेल तर टोकाला स्वच्छ इंजिन ऑइलचा थेंब लावा, ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा आणि मग ओढून बघा. फिल्टरवरचा बाण टाकीकडून इंजिनकडं असला पाहिजे. फिल्टरला अर्थिंगची वायर असेल तर ती परत लावायला विसरू नका; वाहत्या पेट्रोलनं स्टॅटिक तयार होतं आणि ते त्याच वायरनं निघून जातं.

रबरी होज कडक झाला असेल, वाकवल्यावर बारीक चिरा दिसत असतील तर तोही बदला. होजवर एसएई जे३०आर९ (SAE J30R9) छापलेलं बघून घ्या, तो इंजेक्शनच्या प्रेशरसाठीचा. जे३०आर७ हा कमी प्रेशरचा. आता पेट्रोल पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोलच मिळतं, आपल्याच उसाच्या पट्ट्यातून त्यातलं बरंच इथेनॉल जातं. जुन्या रबराला ते मानवत नाही. साधी जुबली क्लिप (स्क्रूनं आवळायची खाचांची पट्टी) आवळली की तिच्या खाचा रबरात रुततात, म्हणून इंजेक्शनसाठीची सपाट पट्टीची क्लिप मागून घ्या.

सगळं जोडल्यावर फ्यूज आणि बॅटरी लावा. लगेच स्टार्टर मारू नका. चावी ऑन करा, पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबा, ऑफ करा; असं तीनदा. मग टॉर्च घेऊन प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवा. डोळ्यांना न दिसणारा ओलावाही त्यावर उमटतो. इंजिन चालू करून पाच मिनिटांनी पुन्हा एकदा फिरवा.

जुना फिल्टर तसाच टाकू नका. ज्या बाजूनं पेट्रोल आत येतं त्या तोंडातून उलटा करून पांढऱ्या कापडावर ओता. पिवळसर पेट्रोल आलं तर ठीक. काळी बारीक रेती किंवा तांबूस गंज आला तर टाकीच घाण आहे. पंप काढून जाळी बदलून घ्या आणि टाकी धुवा, नाहीतर नवा फिल्टर महिन्याभरात परत चोंदेल.