आइसची कारवाई समोर दिसली, तर नोंद कशी ठेवायची

‘ओक ट्री रोडवर आइस (अमेरिकेचं स्थलांतर अंमलबजावणी खातं) आली’ एवढाच मेसेज न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ग्रुपांवर फिरतो. कधी आली, किती जण होते, कोणाला नेलं, यातलं काहीच त्यात नसतं. घबराट तेवढी पसरते. ५ फेब्रुवारी २०२५ ला परत पाठवलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं. त्यात महाराष्ट्रातलेही काही जण होते. बेड्या घातलेल्या लोकांचा एक फोटो तेव्हा आपल्याकडे जोरात फिरला. तो भारतीयांचा नसून ग्वाटेमालाच्या लोकांचा असल्याचं भारत सरकारच्या पीआयबीने जाहीर केलं आणि बेड्यांची गोष्टच अफवा वाटू लागली. मग अमेरिकेच्या सीमा गस्त दलाच्या प्रमुखांनी स्वतःच व्हिडिओ टाकला आणि त्यात बेड्या स्पष्ट दिसल्या. चुकीच्या फोटोने खरी तक्रारही लंगडी पडते.

कॅमेरा कोणी धरायचा, हे आधी ठरवा

सार्वजनिक जागी काम करणाऱ्या अधिकाऱ्यांचं चित्रीकरण करण्याचा हक्क बऱ्याच अपील कोर्टांनी मान्य केलाय. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियासाठी २०१७ चा ‘फील्ड्स विरुद्ध फिलाडेल्फिया’ हा निकाल आहे. सुप्रीम कोर्टाने मात्र या प्रश्नावर थेट निकाल दिलेला नाही. एच-१बी (नोकरीच्या) किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला अटक झाली, तर आरोप टिकला नाही तरी व्हिसा अडचणीत येऊ शकतो. म्हणून माझं मत सरळ आहे: कॅमेरा अमेरिकन नागरिकाने धरावा, बाकीच्यांनी लांबून पाहून वेळा लिहून ठेवाव्यात. नागरिक नसलेल्या प्रौढांनी नोंदणीचा कागद, म्हणजे ग्रीन कार्ड किंवा आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद), जवळ बाळगणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

फोनचं कुलूप पासकोडवर ठेवा, चेहरा आणि बोटाचा ठसा बंद करा. अटक केलेल्याचा फोन वॉरंटशिवाय तपासता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या ‘रायली’ खटल्यात सांगितलंय. पण अनलॉक केलेला फोन कोणाच्याही हातात देऊ नका.

चित्रीकरण

उघडपणे करा, लपवून नको. ‘मागे व्हा’ म्हटलं की मागे व्हा, आणि तसं मोठ्याने बोलूनही दाखवा, म्हणजे तेही रेकॉर्ड होतं. मधे पडू नका, गाडी आडवी घालू नका. अडथळा आणणं हा केंद्रीय गुन्हा ठरतो. खाजगी आवाराच्या फाटकापाशी जास्तच जपा. ९ मे २०२५ ला नेवार्कच्या डेलनी हॉल या बंदी केंद्रापाशी महापौर रास बराका यांनाच अनधिकृत प्रवेशाच्या आरोपाखाली अटक झाली होती. आरोप पुढे मागे घेतला, पण तो महापौर होता, हे विसरू नका.

फोन आडवा धरा. सुरुवातीलाच तारीख, वेळ, रस्ता बोला आणि रस्त्याची पाटी दाखवा. मग सहा गोष्टी: किती जण, काय करताहेत, कुठे, गणवेश कोणता, किती वाजले, जवळ कोणती साधनं. बरेचदा छातीवर मोठ्या अक्षरांत नुसतं ‘पोलीस’ असतं आणि खात्याचं नाव पाठीवर किंवा बारीक पट्टीवर, म्हणून पाठही टिपा. गाड्यांच्या नंबरप्लेटही घ्या. कॅमेरा हळू फिरवा आणि मधे बंद करू नका. शिव्या, शेरे, ‘बघा बघा’ टाळा. कोर्टात तुमचा आवाजही ऐकला जातो.

दारात कागद दाखवला, तर काचेतूनच त्याचा फोटो घ्या. आय-२०० किंवा आय-२०५ ही आइसची स्वतःची वॉरंटं, त्यांवर आइसच्याच अधिकाऱ्याची सही असते. घरात शिरायला न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट लागतं, असा आजवरचा कायदा आहे. आइस अलीकडे याबद्दल वेगळा दावा करतंय, त्यामुळे हा फोटो आणखी मोलाचा.

पकडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखू नका. लांबूनच नाव आणि नातेवाइकाचा नंबर विचारा. भारतीय असेल तर ‘वकिलातीला कळवा, असं सांग’ हे ओरडून सांगा. भारतीयांच्या बाबतीत वकिलातीला आपोआप कळवलं जात नाही, माणसाने मागावं लागतं.

घरी आल्यावर

मूळ फाइल कापू नका, फिल्टर लावू नका, दोन जागी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ दाबून छोटा होतो. वकिलाला पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. त्याच रात्री जे पाहिलं ते लिहा, खाली तारीख आणि सही. ऐकीव गोष्ट वेगळी लिहा. जाहीर टाकायचं की नाही, हे पकडलेल्याच्या घरच्यांना ठरवू द्या. टाकलंच तर चेहरे पुसून.

माणूस कुठे आहे, ते आइसच्या ऑनलाइन लोकेटरवर ए-नंबर (स्थलांतर खात्याने दिलेला ओळख क्रमांक) आणि जन्मदेश टाकून शोधता येतं. तिथे सापडला नाही, तर तुमच्या मतदारसंघातल्या अमेरिकन काँग्रेसच्या (संसदेच्या) सदस्याच्या कार्यालयात जा. हा मार्ग आपली मंडळी फारसा वापरत नाहीत, पण तिथून गेलेल्या पत्राला खातं सहसा उत्तर देतं. तक्रार गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांकडे जाते. कारवाईचे कागद हवे असतील तर माहितीच्या कायद्याखाली अर्ज करा. मुदत कामाच्या २० दिवसांची, प्रत्यक्षात ती बरीच लांबते. नुकसानभरपाई मागायची तर एसएफ-९५ हा फॉर्म घटनेपासून २ वर्षांच्या आत संबंधित खात्याकडे पोचायला हवा.