स्कूबा डायव्हिंगच्या आधी आणि नंतर काय घालावं

मालवणच्या समुद्रात हिवाळ्यातही पाणी २६ ते २८ अंशांच्या आसपास असतं आणि दुपारी ऊन चटका देतं. म्हणून ‘एक टॉवेल आणि टी-शर्ट पुरे’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो मनावर घेऊ नका. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढतं, त्यामुळे ३ मिलिमीटरच्या वेटसूटमध्येही (डायव्हिंगचा अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट) पाऊण तासात अंग निवतं. वर आल्यावर ओल्या अंगाला वारा लागतो आणि खरी हुडहुडी तिथे भरते. १०० मिलिलिटर पाणी वाळताना सुमारे २४० किलोज्यूल उष्णता शोषतं. ७० किलोच्या माणसाचं शरीर एका अंशाने थंड व्हायला जवळपास तेवढीच उष्णता जावी लागते. हे सगळं पाणी अंगातूनच उष्णता घेतं असं नाही, पण मोठा वाटा आपलाच असतो. म्हणून कपडा किती जाड आहे हे नंतर बघा. आधी तो वारा अडवतो का आणि कोरडा राहतो का, हे बघा.

१. घेण्याचे कपडे: पुढून चेन असलेलं फ्लीसचं (पॉलिएस्टरच्या मऊ, लोकरीसारख्या कापडाचं) जॅकेट, दोन मापं मोठा विंडचीटर, इलास्टिकची ट्रॅकपँट, कानटोपी, दोन पंचे, कोरडी अंतर्वस्त्रं, मागे पट्टा असलेले फ्लोटर. विंडचीटर नसेल तर पावसाळ्यातला साधा रेनकोट तितकंच काम करतो. जीन्स आणि जाड सुती हूडी घरी ठेवा. सुती कापड पाणी धरून बसतं, त्यात खारट पाणी असेल तर मीठ हवेतली ओलही खेचतं आणि कपडा दिवसभर दमट राहतो. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून फ्लीस झटकून, पिळून पुन्हा घालता येतं. मात्र नुसतं फ्लीस वाऱ्यात कुचकामी आहे, कारण वारा त्यातून आरपार जातो. वर विंडचीटर हवाच.

२. जाताना: पोहण्याच्या कपड्यांवर ट्रॅकपँट आणि विंडचीटर. सकाळचे मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारे, वारे गार असतात. वेटसूट खोलीतूनच चढवून निघू नका. उन्हात घाम येऊन अंगातलं पाणी कमी होतं आणि डायव्हिंगच्या दिवशी ते घातक. कमरेपर्यंत घाला, बाकीचा पाण्यात उतरायच्या आधी.

३. वर आल्यानंतरची पहिली दहा मिनिटं: गडबड होते ती इथेच. बहुतेक जण गप्पा मारत, फोटो काढत ओल्या सूटमध्ये बसतात, किंवा वेटसूट काढून ओल्या पोहण्याच्या कपड्यांवरच जॅकेट चढवतात. मग जॅकेट आतून भिजतं आणि दुसरा कोरडा कपडा उरत नाही.

क्रम असा ठेवा. सिलिंडर आणि बीसीडी (सिलिंडर बांधलेलं, हवा भरायचं जॅकेट) उतरवल्याबरोबर डोकं पुसा, कानटोपी घाला. मग वेटसूट फक्त कमरेपर्यंत उतरवा, धड पंच्याने कोरडं करा. घासू नका, टिपा. ओला वरचा कपडा काढा, लगेच फ्लीस, त्यावर विंडचीटर, चेन गळ्यापर्यंत. वरचं अंग झाकल्यावरच खालच्या भागाकडे वळा. होडीवर आडोसा नसतो, तेव्हा पुरुषांनी लुंगी आणि बायकांनी छातीवर बांधायचा सैल परकर किंवा मोठा गाऊन घ्यावा; त्याच्या आत सगळं बदलता येतं. ओली चड्डी आत ठेवून ट्रॅकपँट चढवणं म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

बटणं आणि नाड्या टाळा, कारण गारठलेल्या बोटांना त्या सुटत नाहीत. डोक्यातून घालायचा स्वेटरही नको. ओलसर अंगाला तो चिकटतो आणि अर्ध्यात अडकतो. ड्राय बॅग (आत पाणी न जाऊ देणारी पिशवी) उलट्या क्रमाने भरा: तळाशी ट्रॅकपँट, मग विंडचीटर, त्यावर फ्लीस, सगळ्यांत वर कानटोपी आणि पंचा. ओले कपडे वेगळ्या पिशवीत. ही पिशवी बहुतेक जण विसरतात आणि सुके कपडेही भिजवतात.

४. दोन डाइव्हच्या मधला वेळ: तो थोडाच असेल तर वेटसूट न काढता त्यावर विंडचीटर चढवा. सूटच्या बाहेरच्या नायलॉनमध्ये पाणी असतं आणि वाऱ्याने ते वाळताना सूटच गार होतो, हे कुणी सांगत नाही. तासभर असेल तर वर दिलेल्या क्रमाने पूर्ण बदला. कुडकुडणं थांबलं नसेल तर दुसरी डाइव्ह रद्द करा, पैसे गेले तरी चालतील. कर्नाटकातल्या मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटावर जाणाऱ्यांनी हे जास्त पाळावं. बेट किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटर आहे आणि परतीच्या लांब प्रवासात अंगाला वारा लागत राहतो.

५. किनाऱ्यावर: कोमट पाण्याने मीठ धुवा. कडकडीत पाण्याची अंघोळ लगेच नको. त्वचा तापली की पाण्याखालच्या दाबामुळे तिथे विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडण्याची शक्यता वाढते. दारूने ऊब येते हा भ्रम आहे, तिने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उष्णता आणखी जाते. थर्मासमधला चहा घ्या. ऊब आल्यावरही अंगाला मुंग्या येणं, बधिरपणा किंवा सांधेदुखी राहिली तर ती थंडीवर ढकलू नका, ती या बुडबुड्यांमुळेही असू शकते; लगेच प्रशिक्षकाला सांगा, ऑक्सिजन घ्या आणि डॉक्टर गाठा.