प्रार्थना करायला शिकायचीय? मग आधी घरातल्या भाषेत बोला

चर्चमध्ये नवीन येणारी माणसं हमखास हे विचारतात, ताई प्रार्थना करायची म्हणजे नेमकं बोलायचं काय? आणि विचारताना लाजतात. लाजायचं काहीच कारण नाही, येशूच्या शिष्यांनीपण हेच विचारलं होतं, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायात आहे बघा, प्रभू आम्हाला प्रार्थना करायला शिकव. रात्रंदिवस त्याच्यासोबत राहणाऱ्यांना शिकावं लागलं, तर आपल्याला पहिल्याच रविवारी कशी येईल.

सगळ्यात मोठी अडचण भाषेची होते असं मला वाटतं. पाळकसाहेब पुलपिटवरनं, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावरनं म्हणतात, हे परमकृपाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी लीन होतो, वगैरे, आणि ते तिथं शोभतंच, पण ऐकणाऱ्याला वाटतं की असं बोलता आलं तरच देव ऐकणार. मीही वर्षभर याच भीतीनं गप्प होते. आमच्याकडे गुरुवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते, सगळे गोल बसून हात धरतात आणि एकेकानं बोलायचं, ज्याला बोलायचं नाही त्यानं नुसता शेजारच्याचा हात दाबायचा की पाळी पुढं जाते. मी दर गुरुवारी हात दाबत होते. शेजारी एक अक्का बसायच्या, चादरीच्या कारखान्यात आयुष्य गेलेलं, बोटांच्या पेरांना घट्टे. एकदा त्यांची पाळी आली आणि त्या म्हणाल्या, "देवा, आज नळाला पाणी आलं, लई उपकार झाले. थोरल्याचं काम कमी झालंय, तेवढं बघ. शेजारणीशी भांडले मी, माझंच चुकलं, उद्या जाऊन बोलते. आमेन." बास, एवढंच. नंतर मला म्हणाल्या, "घरात आईशी बोलतीस न, तसंच बोल की." आणि आपल्या मराठीत सोयच आहे, आईला तू म्हणतो तसं देवालाही तूच म्हणतो, तुम्ही म्हणून लांब बसवत नाही.

तर सुरुवात अशी करा. जागा आणि वेळ ठरवा, पाच मिनिटंच, पण रोज. मत्तयच्या 6व्या अध्यायात येशू म्हणतो की खोलीत जा, दार लाव आणि मग प्रार्थना कर. आता दोन खोल्यांत सहा माणसं असतील तर दार लावायचं कुठलं, खरंय. मग उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपतात तेव्हा तिथंच पडल्या पडल्या करा, नाहीतर पहाटे भाकऱ्या थापताना. बायबलच्या जुन्या करारात हन्ना नावाची बाई मंदिरात प्रार्थना करत होती तर तिचे नुसते ओठ हलत होते, आवाज नाही, एली याजकाला वाटलं बाई प्यायलीय, पण देवानं ऐकलं. गुडघे टेका, उभे राहा, डोळे मिटा नाहीतर उघडे ठेवा, त्यावर काही अडत नाही.

बोलायचं काय हे सुचत नसेल तर प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूनं शिष्यांना शिकवलेली, ती घ्या, पण रविवारी म्हणतो तशी एका दमात नको. एकेक ओळ म्हणायची आणि थांबायचं. "हे आमच्या स्वर्गातील पित्या", इथंच थांबा, माझ्या नाही, आमच्या म्हटलंय, म्हणजे ज्याच्याशी अबोला आहे त्याचापण तो बापच. मग "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे". या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबते. आपल्या सोलापुरात कडक भाकरी करून ठेवतात, शेंगाचटणीबरोबर कित्येक दिवस चालते, आणि माझं मनपण तसंच, महिन्याभराची काळजी आजच करून ठेवायची, पोरीची फी, घरभाडं, सासऱ्यांचं ऑपरेशन. पण येशूनं शिकवलं ते आजच्या भाकरीचं. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवानं आकाशातून दिलेलं अन्न मिळायचा तोही त्या दिवसापुरता, साठवून ठेवला की दुसऱ्या दिवशी किडे पडायचे, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा केलेला टिकायचा. म्हणून मी या ओळीवर आजची एकच गोष्ट नाव घेऊन मागते. सगळ्यांचं भलं कर असं मोघम म्हणू नका, आज दोन वाजता डॉक्टरकडे जायचंय, धीर दे, असं म्हणा.

पुढची ओळ अवघड आहे, जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले, म्हणजे आमचं वाईट करणाऱ्यांना आम्ही माफ केलं. इथं ज्याचा राग आहे त्याचं नाव मनात येतंच. माफ करता येत नसेल तर खोटं म्हणू नका, देवा मला अजून जमत नाही, जमव, असं म्हणा, हीपण प्रार्थनाच आहे.

रडू आलं, राग आला तर? बोला. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी तक्रारीची आहेत, 13वं स्तोत्र वाचा, दावीद देवाला सरळ विचारतो की किती दिवस मला विसरून राहणार. स्वतःचे शब्द संपले की ते स्तोत्र मोठ्यानं वाचायचं, किंवा ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा एखादा अभंग म्हणायचा, त्यांनी येशूची भक्ती आपल्या वारकरी चालीत आणली म्हणून ती घरची वाटते.

मन भरकटतं, सगळ्यांचंच. गॅस बंद केला का हे आठवलं तर उठून बघून या आणि परत बसा, नाहीतर जे आठवलं तेच देवाला सांगा.

नवस मात्र बोलू नका, अमुक दे मग मी तमुक करीन, असं. बापाशी सौदा कशाला. आणि मागितलेलं मिळालं नाही तर विश्वास कमी पडला असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका, मला हे फार लागतं, आजारी माणसाला असं बोलणारे मी पाहिलेत. धरला जायच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनंपण हा प्याला, म्हणजे पुढं येणारं दुःख, टळू दे म्हणून मागितलं, तेच शब्द पुन्हा पुन्हा, तीन वेळा, आणि तरी तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे म्हणाला, आणि प्याला टळला नाही. त्यामुळे तीच मागणी रोज रोज करायला संकोच नको.

शेवटी येशूच्या नावानं म्हणून आमेन म्हणायचं. आमेन हा हिब्रू शब्द, खरंच आहे, तसंच होवो असा अर्थ. आणि येत्या गुरुवारी हात धरून पाळी तुमच्यापर्यंत आली की हात दाबायच्या आधी एक वाक्य बोला, देवा आज मी आले एवढंच, बाकीचे सगळे त्याला आमेन म्हणतील.