जोडी लावण्याआधी घसा बघा: घरच्या ढाबळीतली आजारपणं आणि पिल्लं

पंचवटीत आमच्या गच्चीवर कबुतरांची छोटी ढाबळ आहे. काही वर्षांपूर्वी बाजारातून एक देखणी जोडी आणली आणि त्याच संध्याकाळी बाकीच्यांत सोडली. पुढच्या विणीची पिल्लं एकेक करून गेली. शेवटच्या पिल्लाची चोच उघडली, तर आत घट्ट दह्यासारखा पिवळट थर, आणि कुबट वास. हाच कँकर.

हा रोग एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो आणि मोठं कबुतर तो घशात बाळगूनही ठणठणीत दिसू शकतं. नर आणि मादी दोघंही अन्नपिशवीत तयार होणारं दूध पिल्लांना भरवतात, त्यातूनच तो पिल्लांच्या घशात उतरतो. म्हणून आजार आणि वीण ही दोन वेगळी कामं नव्हेतच.

नवा पक्षी आणला की आधी 30 दिवस वेगळा ठेवा. त्याची भांडी वेगळी, आणि त्याला दाणापाणी सगळ्यात शेवटी.

मग घसा. सकाळी दाणा टाकण्याआधी कबुतर हातात घ्या: छाती तळव्यावर, पाय दोन बोटांच्या मध्ये, अंगठा पंखांवर. उन्हाकडे तोंड करून चोच हलकेच उघडा. आतला भाग स्वच्छ गुलाबी हवा. पिवळा थर दिसला तर खरवडू नका, रक्त येतं. पक्षी वेगळा काढा आणि पशुवैद्यकाकडे न्या. घसा स्वच्छ दिसला तरी वीण लावण्याआधी घशातला स्राव सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतला तर उत्तम. कुणीतरी सांगितलं म्हणून पाण्यात गोळ्या विरघळवून पाजणं थांबवा. कमी मात्रेने रोग जात नाही, उलट औषधाला दाद देईनासा होतो.

पाणी रोज बदला, भांडं घासून उन्हात वाळवा. भांड्यावर जाळी असू द्या म्हणजे त्यात विष्ठा पडणार नाही.

जोड्या कधी लावायच्या? पावसाळ्यात मी लावत नाही. तेव्हा पिसं गळत असतात, ढाबळ ओलसर असते आणि डासांमुळे देवीचे फोड येतात. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सुरुवात करावी. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची थंडी बोचरी, निफाडकडे तर विचारूच नका. वाऱ्याच्या बाजूला रात्री गोणपाट लावा, पण हवा कोंडू नका. वर्षाला तीन विणी पुरे. पुढे खरी अंडी काढून त्या जागी नकली अंडी ठेवा. मादीची झीज थांबते आणि गर्दीही वाढत नाही.

घरट्यासाठी मातीची उथळ परात आणि कडुनिंबाच्या वाळक्या काड्या द्या. पहिल्या अंड्यानंतर साधारण दोन दिवसांनी दुसरं येतं, आणि त्यानंतर सतराव्या-अठराव्या दिवशी पिल्लं बाहेर पडतात. दिवसा बराच वेळ नर बसतो, रात्री मादी. या काळात बाजरी, ज्वारी, मक्याबरोबर वाटाणा, हरभरा वाढवा, आणि अंड्याच्या टरफलांचा चुरा हाताशी ठेवा.

मान वाकडी होणं, दाणा टिपताना नेम चुकणं, पाण्यासारखी विष्ठा ही मानमोडीसारख्या विषाणूजन्य रोगाची लक्षणं. त्यावर नेमकं औषध नाही, लस आधीच द्यावी लागते. कोणती आणि कधी, ते पशुवैद्यक सांगतील. असा पक्षी वेगळा काढून त्याला खोलगट भांड्यात दाणा द्या. नेम चुकला तरी चोचीत काहीतरी येतं, आणि नीट सांभाळ झाला तर काही पक्षी काही आठवड्यांत सावरतात. एकदम बरेच पक्षी मेले तर हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

वाळकी विष्ठा झाडायच्या आधी पाणी शिंपडा, तोंडाला मास्क लावा. ती धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली की माणसाची फुप्फुसं कायमची खराब होऊ शकतात. घरात दम्याचा माणूस असेल तर ढाबळ खिडकीपासून लांबच हवी.

पिल्लू सात दिवसांचं झालं की पायात कडी घालायला ते हातात येतंच. त्याच वेळी चोच उघडून घसा बघून घ्या. पिवळा ठिपका तेव्हाच सापडला तर पिल्लू वाचण्याची आशा असते.