जुना बंब ओळखायचा तर आधी तोंड पाहू नका

नगरपरिषदेच्या आवारात पाण्याच्या टाकीखाली नाहीतर कोंडवाड्याच्या बाजूला चारही टायर बसलेली एक लाल गाडी उभी असते, ही सगळी माहिती तिच्याबद्दल आहे. कोणी तिला बंब म्हणतं, कोणी फायर बिगरेड. नेटवर शोधलं की अमेरिकेतल्या चकाचक गाड्यांच्या याद्या येतात, त्यातली एक तरी कधी हिंगणघाटच्या जिनिंगला नाहीतर कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, गंजीला लागलेल्या आगीवर आली होती का? मग सोडा ते.

गाडी पाहायच्या परवानगीचं काही अवघड नाही, ड्युटीवरच्या फायरमनला चहा सांगा आणि विचारा. फक्त १४ एप्रिलला जाऊ नका. अग्निशमन सेवा दिन असतो, १९४४ साली मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या आठवणीत पाळतात, पण आपल्याकडे त्याच दिवशी भीमजयंती, मिरवणुका, माणसं आणि गाड्या सगळ्या बंदोबस्तात, तुमच्याशी बोलायला कोणाला फुरसत नसते. सप्ताह २० तारखेपर्यंत चालतो, १६-१७ ला जा, गाड्या धुतलेल्याही असतात.

नंबर प्लेट पाहा. एमएच असेल तर नोंदणी १९८९ नंतरची, एम पासून सुरू होणारी नुसती तीन अक्षरं असतील तर त्याआधीची. वाशीमच्या जुन्या गाडीवर एमएच ३० दिसला तर चक्रावू नका, १९९८ पर्यंत वाशीम अकोला जिल्ह्यातच होतं. तसंच गोंदियाचं, १९९९ पर्यंत भंडारा, म्हणजे एमएच ३६. झालं, प्लेटचं काम एवढंच.

आता खरी डोकेदुखी. सगळे सांगतात जाळी पाहा, बोनेट पाहा, गाडी ओळखू येते. मी पण तेच करत होतो. एका नगरपरिषदेच्या गाडीला समोर तीन टोकांचा तारा दिसला आणि मी वहीत ठासून लिहिलं, टाटा मर्सिडीज, १९६९ च्या आधीची. हिशोब बरोबर होता, टाटांचा डाइमलर-बेंझशी, म्हणजे मर्सिडीजवाल्यांशी, करार १९५४ चा, १५ वर्षांचा, त्यानंतर मर्सिडीजच्या ताऱ्याच्या जागी टाटांचा टी आला. चार जणांना फोटोही दाखवला. मग तिथले रिटायर्ड ड्रायव्हर भेटले, म्हणे, "काय लिहून रायले भाऊ? ते जाळी मीच भंगारातून आणून बसवली. पहिली बंडीले ठोकली तवा फुटली." बंडी म्हणजे बैलगाडी. गाडी निघाली १२१०, म्हणजे १२ टनवाली, टी च्या जमान्यातली. करार संपल्यावरही नाकाडाची ठेवण कितीतरी वर्षं तीच राहिली होती, त्यामुळे दुसऱ्याची जाळी तिथे फिट बसते आणि आपण फसतो.

तेव्हा डोक्यात पक्कं करा की एका बंबाला तीन वयं असतात. चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, कंपनीतून येते, बॉडी दुसराच कोणी बांधतो, आणि पंप तिसरीकडचा असतो. टाकी गंजली की बॉडी नवी होते, गाडी बसली की तिचा पंप दुसऱ्या गाडीवर चढतो. डॅशबोर्डजवळ नाहीतर दाराच्या उंबऱ्याला रिव्हेट मारलेली पितळी पट्टी दिसते, तिच्यावर नाव आणि साल असतं, आणि हौशी लोक तेच गाडीचं साल म्हणून सांगत सुटतात. अहो, ते बॉडीवाल्याचं साल आहे! चेसिस त्याच्या दहा वर्षं आधीची असू शकते.

चेसिस नंबर बहुतेक उजव्या लाँग मेंबरवर, म्हणजे सांगाड्याच्या लांब लोखंडी पट्टीवर, पुढच्या चाकाच्या आसपास ठोकलेला सापडतो. खाली घुसायच्या आधी काठी आपटा, टॉर्च मारा, गांधीलमाशीचं पोळं आणि साप दोन्ही मी पाहिलेत. रॉकेलच्या फडक्यानं माती-ग्रीस काढा, ओला खडू घासा, वरून हलकं पुसा, खोलगट आकडे पांढरे उठतात. नाहीतर आरटीओच्या कामाला घेतात तसा कागद ठेवून पेन्सिलनं छाप घ्या. पॉलिश पेपर चुकूनही लावू नका. मी लावला होता, एका पंपाच्या पट्टीवरचे शेवटचे दोन आकडे कायमचे गेले, आणि ती गाडी आता नाही, म्हणजे माझ्या वहीत तिथे दोन फुल्याच आहेत.

इंजिनाचा आकडा मिळाला तर सोनं. ६९२ म्हणजे ६ सिलिंडर, ९२ मिलीमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. ६९७ म्हणजे बोअर ९७. पंपाच्या पट्टीवर गॅलन लिहिलं असेल तर पंप दशमान पद्धतीच्या आधीचा नाहीतर विलायती, लिटर प्रति मिनिट असेल तर नंतरचा. बाकी कंपन्यांचं सोपं आहे, हिंदुस्थान मोटर्सची बेडफोर्ड, प्रीमियरची डॉज आणि फार्गो, लेलँडची कॉमेट. नावाची अक्षरं चोरीला गेलेली असतात पण बोनेटच्या बाजूला त्यांची भोकं राहतात, ती मोजा.

दाराच्या आतल्या कडेला नख लावून पाहा, म्हणजे नुसतं पाहा, खरवडू नका. रंगाचे पापुद्रे असतात, वरचा भडक लाल, खाली विटकरी, त्याखाली कधी पिवळ्या अक्षराचा अर्धा काना. अकोल्याच्या गाडीवर महानगरपालिकेखाली नगर परिषद दिसलं तर ती २००१ च्या आधीची. आणि म्युनिसिपल कमिटी दिसलं तर जागेवरच बसा, कारण ते नाव सीपी अँड बेरारच्या, म्हणजे जुन्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या, १९२२ च्या कायद्यातलं, १९६५ च्या कायद्यानं नगर परिषदा आल्या.

लक्षात ठेवायचं कसं, तर मॉडेलचे तक्ते पाठ करू नका, आठवड्यात विसरता. प्रत्येक गाडीची एक खोड धरा. जाळीवाली माझ्या डोक्यात बंडीवाली म्हणूनच आहे, दुसरी एक डाव्या दाराला सायकलची कडी असलेली. ड्रायव्हरला मॉडेल नका विचारू, सगळ्यात मोठी आग कोणती ते विचारा, मग गिअर कुठे अडकायचा, पाणी किती वेळ पुरलं, सगळं आपोआप निघतं. ते त्याच दिवशी लिहा, चेसिस, बॉडी, पंप वेगवेगळ्या ओळीत, आणि खाली खोड.

आणि उन्हाळा संपायची वाट पाहत बसू नका. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी नव्यानं होत नाही, त्यामुळे आवारं रिकामी होत चालली आहेत. भिंतीवर लिलावाची नोटीस दिसली की त्याच आठवड्यात जा. पितळी घंटा तोवर बहुतेक गेलेलीच असते, पट्ट्या तिच्या मागोमाग जातात.