याकोब ते जेम्स : युरोपीय पुरुषनामाचा माग कसा काढावा

एखाद्या युरोपीय पुरुषनामाची निरनिराळ्या भाषांतील रूपे शोधायची असतील, तर वरवरच्या साम्यावर भिस्त ठेवू नये. जेम्स आणि जेकब या इंग्रजी नावांत पहिल्या अक्षरापलीकडे फारसे काही जुळत नाही, तरी दोन्हींचे मूळ एकच आहे. उलट इंग्रजी जॅक आणि फ्रेंच जाक कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण जॅक हे परंपरेने जॉनचे लाडके रूप आहे. म्हणून नाव कोणत्या व्यक्तीमुळे पसरले, ते कोणत्या लिखित रूपातून पुढे गेले आणि प्रत्येक भाषेच्या उच्चाराने त्याचे काय केले, हे याच क्रमाने तपासावे. येथे नमुना म्हणून याकोब हे नाव घेतले आहे, कारण वाट चुकण्याच्या बहुतेक जागा या एकाच नावात सापडतात.

सोलापूरकराला हा प्रकार परका वाटू नये. सिद्धरामेश्वरांच्या नावावरून शहरात सिद्धेश्वर, सिद्धराम, सिद्राम, सिद्रामप्पा अशी नावे नांदतात. कुठे जोडाक्षर झिजते, कुठे कन्नड वळणाचा ‘अप्पा’ लागतो, आणि मूळ सत्पुरुष कोण हे ठाऊक असल्यामुळे ही सारी नावे एकाच घराण्यातली आहेत हे कोणाला सांगावे लागत नाही. युरोपातही मुलाला संताचे नाव देण्याची प्रथा शतकानुशतके चालत आली, आणि याकोब हे नाव मुख्यतः येशूच्या शिष्यामुळे, म्हणजे जब्दीच्या मुलामुळे, गावोगावी पोहोचले.

मूळ नाव हिब्रू आहे. बायबलच्या आरंभीच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकातील 25व्या अध्यायात जुळ्या भावाची टाच धरून जन्मलेल्या मुलाला हे नाव मिळाल्याची कथा येते, आणि हिब्रूतील टाचेच्या शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो; पुष्कळ अभ्यासक मात्र ‘देव रक्षण करो’ असा अधिक जुना अर्थ मानतात. नावाचा अर्थ नोंदवताना कथेतील व्युत्पत्ती आणि भाषाशास्त्रीय व्युत्पत्ती वेगवेगळ्या रकान्यांत लिहिण्याची शिस्त पाळावी. बाळांच्या नावांच्या पुस्तकांत या दोन्हींची बेमालूम सरमिसळ झालेली असते, म्हणून अर्थापुरता त्यांच्यावर विसंबू नये.

खरे काम यापुढे सुरू होते, आणि त्यासाठी उत्तम साधन म्हणजे बायबलची निरनिराळ्या भाषांतील भाषांतरे. मराठी बायबलमधील ‘याकोबाचे पत्र’ उघडावे आणि तेच पत्र इतर भाषांत कोणत्या नावाने छापले आहे ते टिपावे. इंग्रजीत जेम्स, फ्रेंचमध्ये जाक, इटालियनमध्ये जाकोमो, स्पॅनिशमध्ये सांतियागो, पोर्तुगीजमध्ये तियागो, पोलिशमध्ये याकुब अशी रूपे मिळतील. मग उत्पत्तीच्या पुस्तकातील कुलपती, म्हणजे टाच धरून जन्मलेल्या त्या मूळपुरुष याकोबाचे नाव त्याच भाषांत पाहावे. मराठीत आणि पोलिशमध्ये नाव बदलत नाही; पण इंग्रजीत जेकब, इटालियनमध्ये जाकोब्बे आणि पोर्तुगीजमध्ये जाको असे निराळे रूप समोर येते. या फाट्याचे बीज ग्रीकमध्ये आहे. ग्रीक बायबलमध्ये कुलपतीचे नाव विभक्तिप्रत्ययांशिवाय जसेच्या तसे ठेवले गेले, तर शिष्याच्या नावाला ग्रीक प्रत्यय लागून ‘इयाकोबोस’ आणि पुढे लॅटिन ‘याकोबुस’ झाले. हे दुसरे रूप लोकांच्या तोंडी रुळले आणि झिजले, तर पहिले पोथीत सुरक्षित राहिले. सोलापुरात तेलुगू आणि उर्दू बायबलही सहज पाहायला मिळू शकते. त्यात अनुक्रमे याकोबु आणि याकूब ही रूपे दिसतात, आणि आपल्या शेजारपाजारचे याकूब हे नाव याच कुळातले आहे हेही ध्यानात येते.

आता झिजेचे नियम. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘याकोबुस’ सोबत ‘याकोमुस’ असे ‘म’ असलेले रूप प्रचारात आले. इटालियन जाकोमो, कॅटलान जाउमे, स्पॅनिश हायमे आणि जुन्या फ्रेंचमधून आलेले इंग्रजी जेम्स ही सगळी या ‘म’च्या शाखेवरची रूपे आहेत, फ्रेंच जाक आणि स्पॅनिश यागो ‘ब’च्या शाखेवरची, पण त्यांतला ‘ब’ कालांतराने गळून पडला. आरंभीचा ‘य’ जर्मन, डच आणि स्लाव्ह भाषांत टिकला, इटालियन आणि इंग्रजीत ‘ज’ झाला, तर आधुनिक स्पॅनिशमधील हायमेत त्याचा घशातून येणारा ‘ह’ झाला. नावाच्या शेवटी येणारा प्रत्यय मोजणीत धरू नये: लिथुआनियन योकूबास, लाटव्हियन येकाब्स, आधुनिक ग्रीक इयाकोवोस यांची शेपटी काढली की खालचा सांगाडा लगेच ओळखू येतो.

एखाद्या व्यक्तीची नोंद हाती आली, की तिचे नाव किती भाषांत भाषांतरित झाले आहे ते आधी पाहावे. बाझेलचा गणिती बेर्नूली (1655–1705) जर्मनमध्ये याकोब, फ्रेंचमध्ये जाक आणि जुन्या इंग्रजी पुस्तकांत जेम्स म्हणून येतो. 1713 साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या संभाव्यतेवरील लॅटिन ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ‘याकोबी’ आहे, कारण तेथे नाव षष्ठी विभक्तीत आहे. ग्रंथालयाच्या सूचीत या चार नोंदी चार माणसांच्या समजल्या गेल्या, तर दोष सूची करणाऱ्याचा. राजांच्या बाबतीत हे अधिकच घडते: 1229 साली मायोर्का बेटावर स्वारी करणारा अरागॉनचा राजा कॅटलानमध्ये जाउमे, स्पॅनिशमध्ये हायमे आणि इंग्रजी इतिहासात जेम्स असतो. लॅटिन पाया तपासण्याची आणखी एक युक्ती म्हणजे नावावरून बनलेली विशेषणे पाहणे. 1603 साली इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या जेम्सचा काळ जॅकोबियन म्हणवला जातो, आणि 1688 मध्ये पदच्युत झालेल्या दुसऱ्या जेम्सचे पक्षपाती जॅकोबाइट म्हणवले जातात. बोलीने गमावलेला ‘ब’ विद्वानांच्या लेखणीने जपला.

जुनी इंग्रजी कागदपत्रे वाचताना दोन गोष्टी माहीत हव्यात. जे, ए, एस ही तीन अक्षरे आणि पुढे टिंब, हा जेम्सचा रूढ संक्षेप आहे. त्याला जसवंत किंवा जास्पर समजू नये. शिवाय रोमन लिपीत आय आणि जे ही अक्षरे पूर्वी वेगळी मानली जात नसत, त्यामुळे 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये जेम्स हे नावही आयने छापलेले आहे. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचे काम चालले होते. अशा मिशनच्या काळातील कौटुंबिक कागदांत मराठी नोंदीत याकोब आणि इंग्रजी नोंदीत जेकब किंवा जेम्स असे आढळल्यास, आईवडिलांची नावे आणि बाप्तिस्म्याची तारीख जुळते का ते पाहूनच दोन्ही नोंदी एका माणसाच्या मानाव्यात.

सर्वांत फसवे नाव दिएगो. ते सांतियागोचे चुकीचे तुकडे पडून तयार झाले, असे लोकप्रिय स्पष्टीकरण आहे. पण त्याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि लॅटिन कागदांत दिएगोला ‘दिदाकुस’ असे निराळेच नाव दिलेले असते. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो शहराला अल्कालाच्या संत दिएगोचे नाव आहे, शिष्य याकोबाचे नव्हे, हे लक्षात ठेवावे. तियागोबाबत मात्र शंका नाही: ‘संत यागो’ मधील शेवटचा ‘त’ नावाला चिकटला. स्कॉटलंडमधील हेमिशची कथा अधिक गमतीची आहे. तेथील गेलिक भाषेत जेम्सला शेमस म्हणतात; हाक मारताना, म्हणजे संबोधनात, आरंभीच्या व्यंजनाचा ‘ह’ होतो, आणि ती हाकच इंग्रजी कानांनी स्वतंत्र नाव म्हणून उचलली.

लाडक्या रूपांना वेगळे पान द्यावे, कारण तेथे नियम सैल असतात. इंग्रजीत जिम आणि जेमी, रशियनमध्ये याशा, पोलिशमध्ये कुबा, डचमध्ये याप आणि कोस. यांतील काहींनी नावाचे डोके ठेवले, काहींनी शेपूट. डॅनिश इब हे तर इतके आखूड झाले आहे की कोशाशिवाय ओळखू येणार नाही.

नोंदवहीत प्रत्येक रूप आधी मूळ रोमन, ग्रीक किंवा रशियन लिपीत लिहावे, नंतर देवनागरीत त्या त्या भाषेच्या उच्चाराप्रमाणे, आणि समोर भाषा, वर्ष व आधार. रोमनमध्ये एकाच वर्णलेखनाचे हायमे हे नाव पोर्तुगीजमध्ये ‘ज’ने उच्चारले जाते, त्यामुळे भाषेचा रकाना रिकामा ठेवला तर देवनागरीतील नोंद निरुपयोगी ठरते. ज्या रूपाला वर्ष आणि आधार मिळत नाही, ते पेन्सिलीने लिहावे.